दोर तुटतो, डोळा सुटतो

दोराच्या टोकाला न आवळणारा, कायमचा फास हवा असेल तर दोन वाटा असतात. सरळ गाठ मारायची, नाहीतर दोराचे पेड उकलून ते त्याच दोराच्या अंगात परत खोवायचे, म्हणजे स्प्लाइस करायचा. या फासाला दर्यावर्दी जगात ‘आय’ म्हणतात. मी त्याला दोराचा डोळा म्हणेन. कोणता डोळा सगळ्यांत मजबूत, या प्रश्नाची ठोकळ उत्तरं तयारच असतात. बोलाइन गाठ दोराची ६० ते ७५ टक्के ताकद राखते, फिगर-एट ७५ ते ८० टक्के, आणि नीट केलेला स्प्लाइस ९० टक्के किंवा त्याहून जास्त. तेव्हा स्प्लाइस करा, प्रश्न मिटला.

हे आकडे खोटे नाहीत. पण ते चाचणीच्या यंत्रावर नवा दोर सरळ ओढून, तो तुटेपर्यंत ताणून काढलेले असतात. धक्क्यावर, क्रेनखाली किंवा शिडाच्या होडीवर दोर असा एकदाच आणि सरळ ओढला जात नाही. तो लाटेबरोबर ताणतो, सैल पडतो, फडफडतो, फिरतो, उन्हात कडक होतो. अशा वेळी स्प्लाइस दगा देतो तो पुष्कळदा तुटून नव्हे, सुटून. ९५ टक्क्यांचा डोळा एक-एक टक, म्हणजे पेड खोवण्याचा एक-एक फेरा, निसटत गेला तर त्याचे ९५ टक्के कागदावरच राहतात. म्हणून पुढे प्रत्येक प्रकाराला मी दोन प्रश्न विचारणार आहे: पुरता ताण आला तर हा किती टक्क्यांवर तुटेल? आणि ताण पुरता नसताना हा सुटेल का?

आधी गाठीची ताकद का जाते ते पाहू. गाठीत दोर स्वतःच्याच जाडीभोवती वळतो, तोही सगळा ताण अंगावर असताना. वळणाच्या बाहेरच्या अंगाचे तंतू ताठ होतात, आतल्या अंगाचे जवळपास मोकळे राहतात. नायलॉनचा तंतू चांगला लांबतो, त्यामुळे बाहेरचे ताणले जाईपर्यंत आतल्यांनाही थोडं ओझं घ्यावं लागतं. डायनीमासारख्या अतिबळकट पॉलिएथिलीनचा तंतू मात्र तीन-चार टक्के लांबला की तुटतो. वाटून घ्यायला वेळच मिळत नाही. त्यात तो विलक्षण निसरडा, म्हणून या दोराला मारलेली गाठ एकतर निम्म्याच्या आसपास तुटते किंवा त्याआधीच सरकते. ज्याच्या किमतीत पोलादाच्या ताकदीचे पैसे मोजले, त्याला गाठ मारणं म्हणजे अर्धे पैसे पाण्यात.

स्प्लाइसची गोष्ट वेगळी, आणि त्यातलं एक साधं गणित पुष्कळांच्या लक्षात येत नाही. डोळ्याला दोन पाय असतात आणि ओझं दोघांत वाटलं जातं. मुख्य दोराकडचा पाय आपलं निम्मं ओझं थेट पुढे नेतो. उरलेलं निम्मं शेपटीकडच्या पायात असतं, आणि तेवढंच घर्षणाच्या जोरावर मुख्य दोराकडे सोपवणं हे स्प्लाइसचं काम. सगळं ओझं नव्हे, निम्मंच. ते एका जागी सोपवलं तर तिथे तुटेल. लांबीवर हळूहळू सोपवलं तर दोराला कळणारही नाही. चांगल्या स्प्लाइसची सगळी कारागिरी या ‘हळूहळू’मध्ये आहे.

घर्षणाचा हिशोब अठराव्या शतकात गणितज्ञ ऑयलरने मांडून ठेवला आहे: वेढा वाढेल तशी पकड बेरजेने नाही, गुणाकाराने वाढते. घर्षणांक ०.२५ असेल तर एक पूर्ण वेढा जवळपास पावणेपाच पट ताण धरून ठेवतो, दोन वेढे २३ पट. तोच घर्षणांक डायनीमासारखा ०.१ च्या आसपास असेल तर एका वेढ्याला दोन पटही मिळत नाही आणि दोन वेढ्यांना साडेतीन पट मिळते. काथ्याच्या दोरावर जी पद्धत डोळे झाकून चालली ती प्लास्टिकच्या दोरावर का चालत नाही, याचं उत्तर या चार आकड्यांत आहे.

आता सगळ्यांत जुना प्रकार, तीन पेडी दोराचा. टोकाकडून हात-दीड हात पेड उकलायचे, प्रत्येकाच्या टोकाला टेप गुंडाळायची, आणि डोळा जिथे मिटायचा तिथे मुख्य दोराचा पीळ स्पाइकने (टोकदार दाभणाने) किंचित उघडायचा. मधला पेड मुख्य दोराच्या एका पेडाखालून पिळाच्या उलट दिशेने खोवायचा. डावीकडचा पेड त्याच्या डावीकडच्या शेजाऱ्याखालून घालायचा. पहिला जिथून बाहेर पडला, तिथूनच हा आत शिरतो. मग सगळं उलटं करायचं. मागच्या बाजूला एकच मुख्य पेड मोकळा दिसतो. तिसरा त्याच्याखालून घालायचा, आणि तोही उजवीकडून डावीकडे. नवशिका इथेच चुकतो, कारण उलटवलेल्या दोरावर हाताला उजवं-डावं उमगत नाही आणि पेड डावीकडून घुसतो. तपासायची खूण सोपी आहे: तिन्ही पेड एकाच उंचीवरून, तीन वेगळ्या फटींतून बाहेर आले पाहिजेत. एका फटीतून दोन आले तर उकला आणि पुन्हा करा. पुढे मग एकावरून-एकाखालून असे टक देत जायचं. प्रत्येक टकनंतर पेड डोळ्याच्या दिशेने ओढून बसवायचा आणि त्याचा स्वतःचा पीळ मोडू द्यायचा नाही. पीळ गेलेला पेड पसरट होतो, त्यातले काही धागे सैल राहतात, आणि बाकीच्यांवर जादा भार येतो.

टक किती द्यायचे? अमेरिकेच्या कामगार-सुरक्षा नियमांत हे स्पष्ट लिहिलं आहे: मनिला दोराला निदान तीन पूर्ण टक, पिळाच्या कृत्रिम दोराला निदान चार. एक इंचाहून बारीक दोराची उरलेली टोकं शेवटच्या टकपुढे दोराच्या जाडीच्या सहापट लांब राहिली पाहिजेत, ती अंगासरशी छाटायची नाहीत. आणि स्प्लाइसच्या जागी गाठ चालणार नाही, हेही तिथेच बजावलं आहे. शिडाच्या होड्यांवर नायलॉनला पाच टक देण्याची रीत आहे आणि ती मला रास्त वाटते. पाचाच्या पुढे तुटण्याची ताकद फारशी वाढत नाही, पण शेवटचे टक तुटण्यासाठी नसतातच. दोर सैल पडून हलत राहिला तर पहिला निसटणारा टक शेवटचा असतो, म्हणून ते राखीव.

आपल्या किनाऱ्याला ही गोष्ट थेट लागू पडते. हर्णै, मिरकरवाडा, ससून डॉक, कुठेही जा, मच्छीमार नौकांवर पॉलिप्रॉपिलीनचा दोर दिसतो. स्वस्त, पाण्यावर तरंगणारा, न कुजणारा, पण गुळगुळीत, ताठ आणि उन्हाने ठिसूळ होणारा. काथ्याचा आणि सणाचा दोर केसाळ असायचा, भिजला की फुगून स्वतःलाच आवळायचा, म्हणून त्याला तीन टक पुरत. पॉलिप्रॉपिलीन यातलं काहीच करत नाही. हात जुना आणि दोर नवा, असं झालं की तीन टकांचा डोळा धक्क्यावर ठीक दिसतो आणि नांगरावर रात्रभर हिसके खाल्ल्यावर एक पेड बाहेर आलेला असतो. उपाय फुकट आहे: दोन टक जास्त आणि टोकं लांब.

निमुळतेपणाचा मुद्दाही इथेच सांगतो. शेवटच्या एक-दोन टकांत पेडातले धागे टप्प्याटप्प्याने कमी केले तर जाड भागाकडून मूळ दोराकडे उतार तयार होतो. नाही केले तर तिथे पायरी राहते, आणि पायरीवर ताण साचतो. पण निमुळतं करायचं ते पूर्ण टक झाल्यावर, त्यांच्या बदल्यात नव्हे. दिसायला सुंदर म्हणून तिसऱ्याच टकपासून धागे कापलेले मी पाहिले आहेत. शिडं शिवणाऱ्यांचा म्हणून ओळखला जाणारा स्प्लाइस पिळाच्या दिशेनेच गुंडाळत जातो, तो तर आणखी देखणा. शिडाच्या कडेच्या दोराला तो शोभतो, कारण तो दोर फिरत नाही. पीळ उलगडेल अशा जागी मात्र तो पिळाबरोबर स्वतःही उलगडू लागतो.

आणि डोळा केवढा हवा? स्प्लाइस उत्तम आणि डोळा तोकडा, हे वारंवार दिसतं. खुंटावर डोळा चढवला की त्याचे दोन पाय कोन करतात, आणि तो कोन स्प्लाइसचा गळा, म्हणजे दोन पाय मिळतात ती जागा, फाडू पाहतो. एक टन ओझ्याला कोन ६० अंशांचा असेल तर प्रत्येक पायात ५७७ किलो येतात आणि गळा बाजूला ओढणारं बल २८९ किलो. कोन ३० अंशांवर आणला की तेच बल १३४ किलो होतं. डोळ्याची लांबी खुंटाच्या व्यासाच्या दीडपटच ठेवली तर कोन बरोब्बर ६० अंश भरतो, आणि वर सांगितलेल्या नियमांची कमाल मर्यादा हीच आहे. तिप्पट ठेवली तर २३ अंश. वीतभर जादा दोर वाचवून गळ्यावर दुपटीहून जास्त भार टाकण्यात काटकसर कसली?

वेणीच्या दोरांकडे आलं की तत्त्वच बदलतं. बारा पेडांची पोकळ वेणी असेल, जशी डायनीमाच्या बहुतेक दोरांची असते, तर एकेक पेड खोवण्यापेक्षा सबंध शेपूटच वेणीच्या पोटात घालतात. ओल्या सदऱ्याची बाही ओढावी तशी ती दंडाला घट्ट बसते, तसंच इथे होतं: ताण चढेल तशी बाहेरची वेणी लांबते, आकसते आणि आतल्या शेपटीला आवळते. ओझं जितकं जास्त, पकड तितकी जास्त. तुटण्याच्या प्रश्नाला यापेक्षा चांगलं उत्तर सापडणं कठीण. नीट पुरलेली, नीट निमुळती केलेली शेपूट दोराची जवळपास सगळी ताकद राखते.

अट एकच, लांबी. निसरड्या तंतूसाठी पुरायची लांबी दोराच्या व्यासाच्या सुमारे ७२ पट धरतात; म्हणजे १० मिलिमीटरच्या दोराला ७२ सेंटिमीटर. पहिल्यांदा ऐकणाऱ्याला ही उधळपट्टी वाटते. वर दिलेला ०.१ चा घर्षणांक आठवला की वाटत नाही. शेपटीचा शेवटचा तिसरा भाग एकेक जोडी पेड कापत निमुळता करायचा, कारण असा दोर चाचणीत तुटतो तो बहुधा डोळ्यात नाही, गळ्यातही नाही. पोटातली शेपूट जिथे संपते आणि वेणी अचानक बारीक होते, तिथे. बोथट कापलेली शेपूट वेणीच्या पेडांना तिथे एकदम वाकवते.

सुटण्याच्या प्रश्नाला मात्र हा डोळा कच्चा आहे. ताणच पकड निर्माण करतो, मग ताण नसेल तेव्हा? फडफडणाऱ्या दोरातून शेपूट इंच-इंच बाहेर येऊ शकते. त्यावर दोन तोडगे आहेत. पहिला म्हणजे गळ्याजवळ दोऱ्याने आरपार टाके घालणं. दुसरा ब्रमेल लॉक: शेपूट मुख्य दोरातून आणि मुख्य दोर शेपटीतून ओवून दोघांना एकमेकांत अडकवायचं, आणि मग शेपूट पुरायची. ब्रमेलवरून हौशी नाविकांत वाद रंगतात. माझं मत असं: लॉक ताकद वाढवत नाही, उलट पेडांना तिथे तिरपं वळण देऊन थोडी कमीच करतो. पण तो सैल दोराला धरून ठेवतो, आणि रोज हाताळल्या जाणाऱ्या दोरावर तो सौदा फायद्याचा आहे. धोका आहे तो त्याच्या दिसण्यात. लॉक हाताने ओढून हलत नाही, म्हणून माणसाला वाटतं काम झालं, आणि तो चार बोटं शेपूट पुरून मोकळा होतो. अशा वेळी सगळा भार लॉकच्या वळणावर येतो आणि ताकद गाठीइतकीच उरते. टाक्यांच्या डोळ्यात निदान ही फसवणूक नाही. तो कच्चा दिसतो, म्हणून माणूस लांब पुरतो.

दुहेरी वेणीच्या पॉलिएस्टर दोरात गाभा आणि कवच साधारण निम्मं-निम्मं ओझं वाहतात. म्हणून त्याच्या स्प्लाइसमध्ये गाभा कवचात आणि कवच गाभ्यात उलटसुलट घालून दोन्ही पुरावे लागतात, आणि शेवटी कवच हाताने निपटत आणून अदलाबदलीची जागा पोटात घ्यावी लागते. नव्या दोरावर ९० टक्के सहज मिळतात. जुन्या, मिठाने आणि उन्हाने आकसलेल्या दोरावर हे निपटणं म्हणजे तासभराची झटापट, आणि पुष्कळदा हार. डायनीमाचा गाभा आणि नुसतं संरक्षक पॉलिएस्टर कवच असेल तर गोष्ट आणखी वेगळी: ताकद सगळी गाभ्यात, त्यामुळे कवचाचा स्प्लाइस करून काहीच मिळत नाही. आठ पेडांच्या चौकोनी वेणीचे हॉसर, म्हणजे जहाज बांधायचे जाड दोर, जोड्या-जोड्यांनी खोवतात. तीन पेडी स्प्लाइस आला की तो येतो.

सह्याद्रीत कडे चढणारे मात्र फिगर-एटच बांधतात आणि त्यांचं बरोबर आहे. त्यांच्या दोराचा गाभा अनेक समांतर पिळांचा असतो, तो हाताने स्प्लाइस होत नाही. कायमचा डोळा हवा असेल तर तो कारखान्यात यंत्राने शिवतात. शिवाय गाठ रोज सोडून नव्या जागी बांधता येते, आणि जोडीदाराला एका नजरेत तपासता येते. कमी लांबणाऱ्या दोरांचं युरोपीय मानक, ईएन १८९१, त्यांच्या ए प्रकाराला मोकळ्या दोरात २२ किलोन्यूटन आणि टोकाची गाठ किंवा शिवण धरून १५ किलोन्यूटन मागतं. गाठीने जाणारी ताकद तिथे आधीच हिशोबात धरली आहे. गाठ वाईट आणि स्प्लाइस चांगला, असं सरसकट म्हणणाऱ्यांनी हे मानक एकदा बघावं.

पोलादी दोराचा इतिहास तुलनेने अलीकडचा. १८३४ मध्ये जर्मनीच्या हार्झ डोंगरातल्या क्लाउस्टालच्या खाणीत विल्हेल्म आल्बर्टने तारांचा दोर पिळला, आणि दर्यावर्दींनी तागा-सणावर शिकलेली विद्या तारेवर वापरायला सुरुवात केली. हातातल्या कातडी मोज्यांतूनही तारेचं कुसळ तळव्यात शिरतं, स्पाइक हातोड्याने ठोकून पेड उघडावे लागतात, आणि सहा पेड क्रमाने खोवावे लागतात. गोदी कामगारांच्या सुरक्षेसाठी झालेल्या १९३२ च्या आंतरराष्ट्रीय करारात तारेच्या डोळ्याला पूर्ण पेडाचे निदान तीन टक आणि निम्म्या तारा कापून आणखी दोन टक, असं घालून दिलं. तितकाच सक्षम ठरणारा दुसरा प्रकारही त्यात चालतो.

हाताने खोवलेल्या तारेच्या डोळ्याची एक गंमत म्हणजे दोर जाड होत जाईल तशी टक्केवारी उतरते. ६ मिलिमीटरला ९० टक्के, १२ ला ८६ च्या आसपास, आणि २२ च्या पुढे ८०. जाड पेड वळायला नाखूष असतात, आत कधी पुरते बसतच नाहीत. त्यातल्या लिव्हरपूल पद्धतीत प्रत्येक पेड मुख्य दोराच्या एकाच पेडाभोवती पिळाच्या दिशेने गुंडाळत नेतात. ती झटपट होते म्हणून लोकप्रिय. पण एकाच दोरावर मोकळा लटकलेला बोजा गरगर फिरू लागला की मुख्य दोराचा पीळ सुटतो आणि त्याबरोबर टकही. चाचणीयंत्रात तिची दोन्ही टोकं पक्की धरलेली असतात, फिरायला वावच नसतो, म्हणून तिथे ती छान गुण मिळवते. मोकळ्या फिरणाऱ्या बोजासाठी ती वर्ज्य आहे. टक्केवारी आणि भरवसा इतके दूर गेलेले मला दुसऱ्या कुठल्या डोळ्यात दिसत नाहीत.

आज कारखान्यातल्या स्लिंगवर यंत्राने दाबलेली नळी दिसते, पण त्यांतही दोन जाती आहेत आणि बाहेरून त्या सारख्याच वाटतात. फ्लेमिश डोळ्यात दोराचे सहा पेड तीन-तीन असे वेगळे करून, उलट दिशांनी वळवून पुन्हा एकमेकांत बसवतात आणि मग पोलादी नळी दाबतात. २५ मिलिमीटरपर्यंत ९५ टक्के मिळतात, आणि नळीला तडा गेला तरी पेडांची आपापसातली पकड काही भार धरून राहते. दुसऱ्या जातीत दोर नुसता मागे दुमडून ॲल्युमिनियमची नळी दाबलेली असते. नवी असताना तीही चांगली. पण तिथे सगळा कारभार नळीचाच, ती गेली की डोळा गेला. खरेदी करताना हा फरक विचारला पाहिजे, आणि तो क्वचितच विचारला जातो.

बांधकामावर सर्रास दिसणारे यू-बोल्टचे क्लिप सुमारे ८० टक्के देतात, तेही यू मेलेल्या टोकावर आणि खोगीर ओझं वाहणाऱ्या दोरावर असेल तरच. उलटे बसवले की यू चालत्या दोरात रुततो आणि ताकद निम्म्यावर येऊ शकते. पहिलं ओझं घेतल्यावर दोर किंचित बारीक होतो, म्हणून नट पुन्हा आवळावे लागतात, आणि बहुतेक ठिकाणी हे राहून जातं. पाचरीच्या सॉकेटला ७५-८० टक्के, आणि जस्त किंवा राळ ओतलेल्या सॉकेटला पूर्ण १००. ओतलेला सॉकेट वाकणं सहन करत नाही, एवढंच.

राहिला प्रश्न १०० टक्के म्हणजे कशाचे. तंतूच्या दोरांच्या जुन्या वहिवाटीत जाहीर ताकद मोकळ्या दोराची असे आणि स्प्लाइससाठी १० टक्के वजा करायचे. पण तो आकडा नव्या दोराचा; वापरात दोर आतून झिजतो. २०१५ च्या मार्चमध्ये वेल्समधल्या मिलफर्ड हेवनच्या धक्क्यावर ‘झार्गा’ या वायुवाहू जहाजाचा पॉलिएथिलीन हॉसर तुटला आणि त्याच्या फटक्याने एका अधिकाऱ्याच्या डोक्याला गंभीर इजा झाली. दोरावर कवच होतं, आतली झीज बाहेरून दिसण्यासारखी नव्हती. २०१८ मध्ये तेल कंपन्यांच्या सागरी मंचाने जहाजं धक्क्याला बांधण्याची नवी मार्गदर्शिका काढली, तिच्यात दोराची ताकद नव्या, कोरड्या आणि स्प्लाइस केलेल्या दोराची मोजायला सांगितलं. नायलॉन मात्र ओला करून, कारण भिजला की तो १० ते १५ टक्के ताकद गमावतो. कागदावरचा आकडा त्यामुळे निदान डोळ्यासकटच्या दोराचा झाला. वापरातल्या दोराचा अजून नाही.

वापरातल्या दोरासाठी मला एकच साधन भरवशाचं वाटतं, रंगीत दोरा. स्प्लाइस केल्यादिवशी गळ्यापाशी आणि शेपटीच्या टोकावर वेगळ्या रंगाचे दोन-दोन टाके घालायचे. गळ्याचे टाके तिरपे झाले किंवा तुटले तर डोळा सरकतो आहे. शेपटीच्या टोकावरची खूण दोराची सगळ्यांत नाजूक जागा दाखवते, आणि ती जागा विंचच्या ढोलावर किंवा रोलरवर येऊ लागली तर दोर फूटभर पुढे-मागे घ्यायचा.